नवव्या आसनाखालचे हंस

थॉर्नबी,
शनिवार, १२ नोव्हेंबर १९९४

प्रिय एनिड,

गुडघा कसा आहे? इथे पाऊस चालू आहे. सफरचंदाचा मुरंबा झाला, दोन बाटल्या तुझ्यासाठी ठेवल्यात.

चर्चमध्ये मात्र हल्ली कुणी कुणाशी धड बोलत नाही. मठ पाडला तेव्हा गावाने प्रार्थनेपुरता जो भाग वाचवला, त्यातच संन्याशांची ती बारा आसनं राहिली. त्यांचे फोटो काढायला गेल्या आठवड्यात एक तज्ज्ञ आले होते. उभ्याने प्रार्थना करून थकलेले संन्यासी उचललेल्या फळीच्या कडेला हळूच टेकत, त्या फळीखालच्या कोरीवकामाचे फोटो तज्ज्ञांना हवे होते. नववी फळी उचलून त्यांनी नख फिरवलं. "हे लाकूड पन्नास वर्षांचंही नाही. मूळची फळी कुठाय?"

तीस वर्षं दर शनिवारी मी तिला मेण लावते. चर्चच्या सिस्टर अगाथांनी शिकवलं तसं, वरून. उचलून कधी पाहिलंच नाही.

"चर्चची किल्ली एकट्या पिमकडे," क्रॅबट्रीबाई म्हणाल्या. "मग काय, वटवाघळांनी नेली?" सगळे हसले. झाडलोट करणारे पिम तिथेच बादली घेऊन उभे होते. तेव्हापासून ते घरी जाताना पिशवी उघडून दाखवतात. "बघून घ्या, मिस म्यूरिएल. डबाच आहे." बुधवारी सभेत त्यांची किल्ली काढून घेणार आहेत.

आज मी ती फळी उचलली. खाली कोरलंय, कोल्हा उपदेश करतोय, पुढ्यात हंस. हंसांचे डोळे खिळ्याच्या एकाच टोच्याने केलेले. आपल्या लहानपणच्या खेळण्यातल्या, नोहाच्या लाकडी नावेतले हंस आठवतात, अगदी अशाच डोळ्यांचे? बाबांनी केलेले?

कीड लागली म्हणून ती फळी बाबांनीच दुरुस्तीला घरी नेली होती. पुढच्या वर्षी तुझं लग्न झालं. तुझ्या दिवाणखान्यात लेसच्या रुमालाखाली जी फळी आहे, ती मी बघायला गेले तर "बाबांची भेट आहे, हात लावू नकोस" म्हणून ओरडलीस. नऊ वर्षं झाली, मी तुझ्या घरी आले नाही.

बाबांना मी चोर म्हणणार नाही. त्यांचा जीव जडला असेल.

पण एक सांगायचं राहिलं. पिमचं नाव आधी क्रॅबट्रीबाईंनी घेतलं नाही. तज्ज्ञांनी विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तुझा तो रुमाल आला, आणि घाईघाईने मीच म्हणाले, "किल्ली पिमकडे असते."

मंगळवारी दुपारच्या बसला मी थांब्यावर उभी असेन. फळी घेऊन ये. तू उतरली नाहीस, तर बुधवारी नावेतला हंस घेऊन मी एकटी सभेला जाईन.

रुमालाला अजून हात न लावलेली,
तुझी धाकटी
म्यूरिएल