विस्तवाला लागलेलं दूध

आये, इतक्या वर्षांनी लिहायला बसलो, रागावू नकोस. तू होतीस तेव्हा गावी जाणारी तुझी पत्रं मीच लिहायचो. तू सांगायचीस आणि मी माझ्या सहावीपर्यंतच्या अक्षरात उतरवायचो. तुलाच लिहावं असं कधी वाटलं नाही. आता एक गोष्ट अडली आहे, आणि ती या घरात कोणाला विचारता येत नाही.

लालबागची आपली चाळ पाडून तिथे उंच इमारत झाली. चौदाव्या मजल्यावर मुलगा, सून आणि मी राहतो. तुला पणती झाली, चार महिन्यांची आहे. गेल्या महिन्यापासून सूनबाई दादरच्या ऑफिसात पुन्हा जाऊ लागली. जाताना तिच्या खांद्याला निळी पिशवी असते, त्यात दूध काढायचं यंत्र. ऑफिसात तीनदा एका खोलीचं दार लावून ती दूध काढते, छोट्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरते, वर तारीख आणि वेळ लिहिते, बर्फात घालून घरी आणते. मग ते फ्रीजच्या वरच्या कप्प्यात गोठवायचं आणि लागेल तसं काढून दुसऱ्या दिवशी पोरीला पाजायचं.

मला हे पहिल्या दिवसापासून पटलं नाही. ज्या कप्प्यात सुरमई, त्याच कप्प्यात पोरीचं दूध. दुपारी वीज जाऊन परत आली तर कोणाला कळणार? पिशवीवरची तारीख खरी कशावरून? मी दिवसातून चार-पाच वेळा दार उघडून बघायचो. सूनबाई एकदा हसून म्हणाली, "बाबा, ते दूध आहे, बॉम्ब नाही." हसली खरी, पण दुसऱ्या दिवशी पिशव्या मासळीपासून लांब, वेगळ्या डब्यात दिसल्या. म्हणजे माझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

पोरीला सांभाळायला ठाकूरद्वारहून विहीणबाई येतात. शिकलेल्या, स्वच्छ बोलणाऱ्या. चांदीच्या बोंडल्याने पोरीला पाजतात, एक थेंब हनुवटीवर येत नाही. त्यांचाही मला संशय. त्यांच्या मोठ्या पर्समध्ये पावडरीचा डबा असावा आणि पोरीला गुपचूप वरचं दूध जात असावं, असं मनाने घेतलं. त्या आंघोळ घालत असताना मी पर्स उघडून पाहिली. आत लोकर आणि दूध वाढावं म्हणून लेकीसाठी केलेले हळिवाचे लाडू निघाले. त्यांनी बहुतेक पाहिलं असावं. संध्याकाळी निघताना म्हणाल्या, "व्याहीबुवा, लाडू हवा असेल तर मागा. पण तुम्हाला पान्हा फुटला तर मी जबाबदार नाही."

हा संशय मला तुझ्याकडूनच आला, आये. गिरणीच्या पाळणाघरात बाया पोरांना अफू चाटवून निजवतात असं तुझ्या डोक्यात बसलेलं. म्हणून तान्ह्या धाकटीला तू तिथे कधी नेलं नाहीस. पाळीवर जायच्या आधी मोरीत बसून काशाच्या वाटीत दूध पिळायचीस, वर ओलं फडकं, वाटी माठाजवळ गारव्याला. शेजारची काकी पाजायची आणि मी राखण करायचो. सात वर्षांचा होतो. थंडीचे दिवस. वाटी हाताला गार लागते, धाकटीला बाधेल म्हणून मी ती उचलून शेगडीवर ठेवतो. दूध फसफसून निखाऱ्यावर सांडतं. तू दारात उभी आहेस, गिरणीच्या खात्यातल्या रुईने भरलेली तुझी साडी मला अजून दिसते. तू मारलंस ते विसरलो, पण बोललीस ते नाही. "आवशीचा दूध इस्तवाक लावलंस? आता पान्हो आटतलो."

आईचं दूध विस्तवाला लागलं आणि पान्हा आटलाच. महिनाभरात धाकटीला गावी मावशीकडे पोचवलीस, बकरीच्या दुधावर वाढवायला. ती तिकडचीच झाली. तिच्या लग्नात भेटली तेव्हा मला अहोजाहो करत होती.

आता ऐक. मागच्या पंधरवड्यात विहीणबाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. दोन तास पोर माझ्याकडे. सूनबाईने मला सगळं शिकवून ठेवलेलं, की पिशवी कोमट पाण्याच्या भांड्यात धरायची, हलवायची, गॅसवर म्हणून ठेवायची नाही. पोर रडू लागली तशी मी खालच्या कप्प्यात वितळायला ठेवलेली पिशवी काढली. वर पिवळट साय, खाली निळसर पाणी, आणि वास साबणाचा. असा वास येतो, ते दूध चांगलंच असतं, हे तिने सांगितलेलं. पण त्या वासानेच माझा धीर सुटला. घरात येणारी दुधाची प्रत्येक पिशवी आपण उकळूनच वापरतो, मग हीच का नाही? पातेल्यात ओतलं आणि गॅस लावला. पोर किंचाळली म्हणून मान वळवली, तेवढ्यात दूध वर आलं. विस्तवाला लागून चर्र आवाज झाला आणि मी सात वर्षांचा झालो.

उरलेलं मी खिडकीतल्या तुळशीला घातलं, पातेलं घासलं, शेगडी पुसली. दुसरी पिशवी काढायचा धीर झाला नाही. पोरीला खांद्यावर घेऊन फिरत राहिलो. विहीणबाई आल्या तेव्हा सांगितलं, सगळं प्यायली. तरी पोर त्यांच्या हातच्या बोंडल्यावर तुटून पडली. त्या म्हणाल्या, "एवढं पिऊन परत?" मी म्हटलं, आमच्या घरात सगळे खादाड.

त्यानंतर आठवड्याभरात सूनबाईच्या पिशव्या अर्ध्या येऊ लागल्या. ती म्हणते, मिटिंगा लांबतात, मधली वेळ चुकते, खोली रिकामी नसते, आणि दूध वेळेवर काढलं नाही की कमी येतं. डॉक्टरनेही तिला तेच सांगितलं. मला कळतं ते. गिरणीतल्या तुझ्या पाळ्याही लांबच होत्या, आणि पोटाला नुसता चहा आणि कडक बटर बिस्किटं. पण मन मानत नाही. काल ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबा, खरं सांगा. दुपारी तिचं पोट भरतं ना? मीच कुठेतरी कमी पडतेय." रविवारी ती ठरवणार आहे, यंत्र चालू ठेवायचं की बंद करून पावडरीचा डबा आणायचा. मी म्हटलं, भरतं.

आये, तेव्हा दूध माझ्यामुळे आटलं की गिरणीमुळे, एवढंच मला सांग. माझ्यामुळे असेल तर मी आताही गुन्हेगार. गिरणीमुळे असेल, तर सूनबाईला निदान सांगता येईल की तू कमी पडत नाहीस, ऑफिसात ती मधली वेळ भांडून माग. माझं पातेलंही मग कबूल करता येईल.

हा कागद कुठे टाकायचा ते मला माहीत नाही. देवाच्या फळीखाली ठेवीन. आणि एक. वर लिहिलंय की वासाने धीर सुटला. तसं नाही. गॅस मी आधीच पेटवला होता, वास नंतर घेतला. दूध वाईट नव्हतं, माझा सूनबाईवर विश्वास नव्हता.

रविवारच्या आत कळव. स्वप्नात ये, नाहीतर आणखी कशी ये, पण लवकर कळव.