भावाचं स्टिकर

चाचा, तुम्ही असता तर आज मी कोर्टातून थेट तुमच्या ओट्यावर येऊन बसले असते आणि चाचींनी पाणी आणायच्या आत भांडायला लागले असते. भांडण तुमच्याशी नसायचंच कधी. अशिलांवर चिडले की ते ऐकून घ्यायला या गावात तुम्ही एकटेच होतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काळा कोट हातावर टाकून बाहेर पडले की पाय तुमच्या आळीकडे वळतात. मग लक्षात येतं की तुमच्या वकिलीच्या ऑफिसच्या खोलीत आता पुतण्याचं मोबाईलचं दुकान आहे. तिथे उभं राहून कुणाशी भांडणार? म्हणून हे लिहायला बसले.

हल्ली माझ्याकडे कोण येतं ते आधी सांगते. तुमच्या वेळी वाटणी, बांध, वहिवाट, फार तर पोटगी. आता तालुक्याची विधी सेवा समिती माझ्याकडे जी माणसं पाठवते, त्यांतली बरीचशी कर्जात गळ्यापर्यंत बुडालेली असतात. हायवेला गॅरेज टाकलेला, टेम्पोवाला, पार्लरवाली, अंगणवाडीतली मदतनीस. बाईमाणसाला वकील फुकट मिळतो हे कायद्यात लिहिलेलं आहे, आणि ते मी पानशेतपासून भाटघरपर्यंत ग्रामपंचायतींच्या भिंतींवर चिकटवून दमले. माणसं तो कागद वाचतात आणि मोबाईलवर ‘तुमची सगळी कर्जं मिटवून देतो’ म्हणणाऱ्या कुठल्यातरी एजंटला फोन लावतात. त्याची फी भरायला आणखी एक कर्ज काढतात. तो फोन उचलेनासा झाला की मग माझ्याकडे येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, “म्याडम, तुमची फी कशी?” फी नाही म्हटलं की चेहरा पडतो. फुकटातला वकील काय कामाचा, हे त्यांना तोंडाने म्हणावं लागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात पानशेतच्या बाजूची एक बाई अशीच आली. धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला तिची पत्र्याची शेड आहे. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं तिथे चुलीवरची भाकरी, पिठलं, गावठी कोंबडी खायला गाड्या थांबवतात. नवरा वारलेला, मुलगी नर्सिंगला. जागा तिच्या नावावर, लहानशीच, पण रस्त्याला लागून. शेड घालायला तिने बचत गटातून उचललं. गिऱ्हाइकांना संडास पाहिजे म्हणून फायनान्सवाल्यांकडून घेतलं. फायनान्सचे हप्ते भरायला मोबाईलमधल्या ॲपवरून घेतलं, आणि ॲपवाल्यांच्या शिव्या ऐकवेनात म्हणून शेवटी मानलेल्या भावाकडून व्याजाने घेतलं. हा भाऊ जागांचे व्यवहार करून देतो. त्याने सह्या केलेले कोरे चेक घेतले, स्टँप पेपरवर अंगठ्यासकट सही घेतली, आणि तिचे हप्ते मागेपुढे व्हायला लागले तसा एका चेकवर सगळी रक्कम लिहून तो बँकेत टाकला. चेक परत आला. त्याचं खातं भोरला, म्हणून केस भोरला. पाबे घाट उतरून वेल्हे, तिथून नसरापूर आणि मग भोर, असं गाड्या बदलत बाई तारखेला यायची. आणि दर तारखेला भाऊ कोर्टाच्या आवारात प्रेमाने सांगायचा, “ताई, जागा नावावर करून दे, केस आजच्या आज मागं घेतो.”

जागा गेली की बाई संपली. भाकरी कुठेही थापता येते, पण रस्त्याला लागलेली जागा पुन्हा मिळत नाही.

“पैसे परत दिलेत काही?” मी विचारलं.

“दर आयतवारी दिलं. गल्ला मोजला की पयलं त्येचं.”

“पावती?”

चाचा, ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच काहीतरी वंगाळ बोलले. “भावाकडं पावती मागू? राखी बांधती म्या त्याला.”

“व्याज घेतो ना तो भाऊ?”

“त्ये येगळं.”

हे ‘त्ये येगळं’ मी वर्षभर ऐकते आहे. परवाना नसताना व्याजाने पैसे देणं हा गुन्हा आहे म्हटलं, तर त्ये येगळं. कोरे चेक मागणारा भाऊ कसला म्हटलं, तर त्ये येगळं. आजारपणात यानेच दवाखान्यात नेलं, मुलीच्या प्रवेशाला हाच पुण्याला हेलपाटे घालत होता, तेव्हा चेकचं काय ते येगळं. आपल्याकडे बँकेला लोक पावती मागतात कारण बँक परकी. जो आपला, त्याच्याकडे कागद मागायचा म्हणजे त्याच्या तोंडावर चोर म्हणायचं. मग जो आपला, तोच निवांत बुडवतो.

अशा वेळी मला तुमच्या ऑफिसातला तो ट्रकवाला आठवतो. मी नुकतीच पुण्याहून पदवी घेऊन आलेली, उत्रोलीहून सायकलवर यायची. मेव्हण्याच्या ट्रकला जामीन राहिलेला तो माणूस माझ्यासमोर बसलाय आणि मी विचारतेय, कर्ज कधीचं, हप्ता केवढा, थकले किती. शेवटी मी म्हणते, “घाबरू नका, काही होत नाही.” तुम्ही आतल्या मोरीत नमाजासाठी हातपाय धुताय. तो गेल्यावर तुम्ही पंच्याने हात पुसत बाहेर येता. “काही होत न्हाई हे तुला कुणी सांगितलं? उद्या ट्रक वढून नेला तर तो तुझ्या दारात येईल. घाबरू नका म्हणायचं न्हाई. पुढं काय व्हणार ते सांगायचं.” तुम्ही आत जाता जाता परत वळता. “आन पोरी, कर्जाचं काय विचारत बसतीस? कर्जाचं समदे पाठ करून येत्यात. दिवसाचं विचार. सकाळी उठल्यापासनं.” मला त्या दिवशी फार राग आला होता. आतून चाचींनी बशीत शिरा पाठवला, तोही मी रागानेच खाल्ला.

तर मी या बाईला दिवसाचं विचारलं. चौथ्यांदा आली तेव्हा, कारण आधीच्या तीन वेळा मीही हुशारीने कर्जाचंच विचारत बसले होते.

“सकाळी उठल्यावर काय करता?”

“म्हंजी?”

“सांगा तर.”

मग तिने सांगितलं. चूल पेटवायची, पीठ चाळायचं, पाटा धुवायचा, ठेच्याच्या मिरच्या भाजायच्या. गाड्या कधी लागतात, पोरं कशी भाकरीचे फोटो काढत बसतात आणि भाकरी निवली म्हणून दुसरी मागतात. सांगताना ती जरा हसलीसुद्धा. “जेवलं की हात धुत्यात, बडीशेप खात्यात, आन स्टिकरला मोबाईल लावत्यात.”

“म्हणजे त्या क्यूआर कोडवरचे पैसे तुमच्या खात्यात येतात.”

“न्हाई. स्टिकर दादाचं हाय.”

मी पेन खाली ठेवलं. झालं होतं असं, की तिच्या खात्यात पैसा आला रे आला की ॲपवाले तो कापून घ्यायचे. म्हणून भावाने युक्ती सांगितली, माझं स्टिकर लाव, पैसे माझ्याकडे येतील, तुला लागतील तसे रोख देतो, बाकीचे हिशोबात धरतो. गेलं वर्षभर शनिवार-रविवारच्या गिऱ्हाइकांचे मोबाईलवरचे सगळे पैसे सरळ त्याच्या खात्यात पडत होते, आणि वर रविवारी गल्ल्यातली रोकड ती स्वतःच्या हाताने देत होती ती निराळीच. कोर्टात मात्र त्याने शपथेवर सांगितलेलं, मला एक रुपया परत मिळालेला नाही.

“हे इतके दिवस का नाही सांगितलं मला?”

“तुमी इचारलं, तू किती दिलं. म्या कुठं दिलं? गिऱ्हाइकांनी दिलं.”

चाचा, जी पावती ती मागायला लाजली, ती दर आठवड्याला परकी माणसं त्याच्याच बँकेत लिहून ठेवत होती. मी त्या संध्याकाळी न जेवता अर्ज लिहिला, त्याच्या खात्याचा उतारा बँकेकडून मागवावा असा. उलटतपासाचे प्रश्नही लिहून काढले. पहिला साधा, तुमचं खातं कुठल्या शाखेत. दुसरा त्याहून साधा. असे एकामागून एक, की शेवटच्या प्रश्नाला त्याला पाणी मागावं लागेल. इतके चांगले प्रश्न मी बऱ्याच वर्षांत लिहिले नव्हते.

अर्ज दाखल झाला, आणि श्रावणातल्या एका सोमवारी बाई ऑफिसात हजर. म्हणाली, “म्याडम, त्यो अर्ज माघारी घ्या.”

“का?”

“राखी आली जवळ. भावाला भरल्या कोर्टात खोटं पाडून हातात राखी बांधू व्हय?”

“मग जागा द्यायची आहे का त्याला?”

“जागा कशी दीन? जागा ऱ्हायली पायजे.”

“दोन्ही कसं होईल?”

“त्ये तुमी बगा. तुमी वकील हाय.”

मी तिला पुढे काय होणार ते सांगितलं, तुम्ही शिकवलं होतं तसं, एकेक पायरी. अर्ज मागे घेतला तर तुमच्याकडे काही पुरावा नाही. पुरावा नसेल तर शिक्षा लागेल, नाहीतर त्याच्या अटीवर मिटवावं लागेल, म्हणजे जागा जाईल. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “पर अर्ज माघारी घ्या.” चाचा, अशील सांगेल ते करायचं हे मला कळतं. पण मी खोटं बोलले. सोमवारचा उपास आहे ना, म्हटलं, आमच्या ऑफिसात उपाशी माणसाची सही घेत नाहीत, तसा नियमच आहे. तिने तो नियम लगेच मानला. पावती मागायचा नियम कुणी मानत नाही, हा मानला. मी तिला तारखेच्या दिवशी जेवून या म्हणून सांगितलं आणि दार लावून एकटीच बडबडत बसले.

तारीख आज होती. राखी होऊन गेलेली, आणि भावाच्या मनगटावर लाल गोंडा दिसत होता. मी कागद लावत होते तेवढ्यात बघते तर बाई आवारातल्या टपरीवर त्याच्याशेजारी बाकावर बसून चहा पितेय. आरोपी आणि फिर्यादी एकाच बाकावर, मध्ये बिस्किटाचा पुडा. मी जवळ गेले तोवर तिने सगळं सांगून टाकलेलं होतं.

“दादा, म्याडमनी तुज्या बँकेचा कागद मागवलाय. स्टिकरवर किती पडलं त्ये समदं त्यात दिसणार हाय म्हनं. म्या म्हनलं नको, भाऊ हाय. तूच साहेबांपुढं सांग किती आलं त्ये. तुज्या तोंडानं सांगितलं की मिटलं.”

माझी महिनाभराची मेहनत तिने बिस्किटाबरोबर चहात बुडवली. मी तिथल्या तिथे तिला खेचून बाजूला नेणार होते. पण भावाच्या हातातला कप थांबला होता. तो माझ्याकडे बघेना, तिच्याकडेही बघेना. उठला आणि त्याच्या वकिलाला शोधत गेला. त्याचा वकील शहाणा निघाला. उतारा आला तर चेकची केस तर पडेलच, शपथेवरचं खोटं आणि विनापरवाना सावकारी वरून निघेल, हे त्याला माझ्याआधी कळलं असावं. जेवणाच्या सुट्टीआधी दोघे माझ्याकडे आले. स्टिकरवरचे पैसे भावाने स्वतःच मोबाईलवर काढून दाखवले, ते मुद्दलातून वजा झाले. स्टँप पेपर आणि उरलेले चेक परत. जे थोडं राहिलं ते तिने बँकेतूनच भरायचं, हे मात्र मी हट्टाने लिहून घेतलं. साहेबांनी दोघांना विचारलं, राजीखुशीने मिटवताय ना? भाऊ हो म्हणाला. बाई म्हणाली, “व्हय साहेब. भाऊ हाय माझा. पर जागा माझी हाय.”

स्टँप पेपर माझ्या टेबलावर फाडून तिने तुकडे पदरात बांधले, चुलीत घालायला. जाताना जिन्यात त्याला सांगत होती, “वैनीला घिऊन ये जेवायला. लई दिस झालं.” तो पुटपुटला, “बगू.” मग ती नसरापूरची एसटी पकडायला पळाली. माझे आभार मानायचेही राहून गेले तिचे.

जागा वाचली. मी जे मागितलं असतं त्याहून जास्त मिळालं, ते एका दिवसात मिळालं, आणि ती ज्याला खोटं पाडायचं नाही म्हणत होती त्याला कुणी खोटं पाडलं नाही. मी मात्र घरी आल्यापासून धुसफुसते आहे. नवरा दोनदा विचारून गेला, केस हरलीस का?

हा कागद कुठे पाठवायचा नाहीच. तरी तुम्हाला एवढं कबूल करते. उलटतपासाचे ते प्रश्न मी फाडले नाहीत. मघाशी स्वयंपाक करताना एकेक करून सगळे मोठ्याने विचारले, कुकरकडे बघून. फार चांगले होते, चाचा.