दीप येता क्रुसावर

राजोडी,
१२ डिसेंबर २०२४

प्रिय सॅन्टन,

सप्रेम नमस्कार. विरारच्या फ्लॅटमध्ये आता तरी झोप लागते का? तुझी आग्नेस फोनवर सांगत होती, सहाव्या मजल्यावरूनही समुद्र दिसत नाही म्हणून बाबा चिडचिड करतात. इकडे थंडी पडली आहे. गुडघे कुरकुरतात, तरी संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बसतो. आपलं जुनं दीपगृह अजून वेळेवर लागतं. राखणदार कधीच गेले, अंधारलं की दिवा आपोआप पेटतो. परवा दूरवरचं एक जहाज त्याच्या भरवशावर वळताना पाहिलं आणि वर्गात शिकवलेल्या कविता ओठांवर आल्या. तू हसशील.

गॉडफ्रेला भेटून आलो. नाव वाचून पत्र बाजूला ठेवू नकोस. तुझा भाऊ अंथरुणाला खिळला आहे. नाताळ काढील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

एक्क्याऐंशी साली तू मला होडीतून नेलं होतंस, आठवतं? दीपगृह चर्चच्या क्रुसाच्या बरोबर डोक्यावर आलं, किनाऱ्यावरचे दोन ताड एकामागे एक जाऊन एकच दिसू लागले, तिथे तू नांगर टाकलास. म्हणालास, "बापाची खून हाय, मास्तर, मासळीच्या जागेची. माज्याशिवाय फक्त गॉडफ्रेला ठावं. कोनाला बोलू नको." त्या दिवशी आपण सोन्याच्या मोलाचे सात घोळ मासे आणले.

त्या वर्षाच्या अखेरीस तिथे गावभरच्या बोटींची जत्रा भरली. बापाची खूण विकलीस म्हणून तू गॉडफ्रेची गचांडी धरलीस. तो बोटीतला हिस्सा सोडून परदेशी जहाजावर गेला. परत आला तरी तू त्याच्या दारात गेला नाहीस.

मी मध्ये पडलो नाही. लोकांना वाटलं, मास्तर सभ्य माणूस.

परवा गॉडफ्रेने मला उशाशी बसवलं आणि म्हणाला, "मास्तर, ती कविता म्हना ना. दीपाची."

त्या साली शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी ती लिहिली होती. तू समुद्रावर होतास. पोरांनी तालात म्हटली, समोर अख्खा कोळीवाडा बसला होता. पुढे तू परतेपर्यंत घरोघर तेच:

दीप येता क्रुसावर, दोन ताड होता एक,
तिथे सोनियाच्या राशी दर्या देतसे अनेक.

यमक जुळल्याच्या आनंदात मी काय देऊन टाकलं, ते त्या बोटी दिसल्यावर कळलं. तरी गप्प बसलो. त्रेचाळीस नाताळ तुझ्या घरचा केक खाल्ला.

पहिली ओळ मी म्हटली. दुसरी त्याने पुरी केली. त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, सॅन्टन. का बोलला नाहीस, मी विचारलं.

"मी सॅन्टनचा भाव हाय, मास्तर. मला कवातरी हाक मारील वाटलं. खरं कळलं असतं तर तुमाला कदी मारली नसती."

येत्या रविवारी ये. आधी त्याच्याकडे जा. माझं घर वाटेवरच आहे, दार उघडं ठेवीन. तू न थांबता पुढे गेलास तरी मी मागून हाक मारणार नाही.

ज्याला तू बापाची खूण दाखवलीस, तो
आत्माराम