भरल्या हंड्याचं माप

चाकण, मंगळवार, १२ जानेवारी १९५४

सोना आज सासूबरोबर दवाखान्यात आली. ओटीपोट दुखायला लागून तिला दोन वर्षं झाली म्हणे. तपासताना मी विचारलं, "किती दुखतं गं?" तिनं सासूकडे पाहिलं. सासूच बोलली, "लई न्हाई, डॉक्टरीणबाई. रोज इहिरीवरनं भरला हंडा आणती की."

म्हणजे हंडा उचलतेय तोवर बाईला दुखतच नाही? संतापून मी सासूला बाहेर बसवलं. मग सोना हळूच म्हणाली, "हंडा उचलताना अंधारी येती. पर सांडू देत न्हाई."

न सांडलेल्या पाण्यावरून घरानं तिचं दुखणं मोजलं. मी तरी कशानं मोजू?

सासूला आत बोलवायला गेले, तर उठताना तिनंही ओटीपोट दाबून धरलं.

"तुम्हालाही दुखतं?"

"छ्या! मी बी हंडा आणतेच की."