फोनवर मी काय बोलेन

प्रिय छकुले,

जाहिरातीतल्या फोटोत तूच आहेस ना, असं विचारलंस. हो, मीच. आमच्या वृद्धाश्रमाने तो लिफ्टमध्येही लावलाय. आई तो शेजारपाजारी दाखवत फिरते म्हणे. फिरू दे. पण फोटोत माझा डावा हात कोपरापासून कापलाय, ते तुम्हा दोघींच्या नजरेतून सुटलेलं दिसतं. तो हात लंबूच्या खांद्यावर होता.

लंबू माझ्याच पाळीतली उंच मदतनीस, हे नाव मीच ठेवलेलं. तिचा देश वेगळा, भाषा वेगळी. दोघींनाही धड न येणाऱ्या इथल्या भाषेत आम्ही बोलायचो, उरलेलं हातवाऱ्यांनी. तीही मला काहीतरी नावाने हाक मारायची. अर्थ विचारला की नुसती हसायची, म्हणजे काही चांगला नसणार.

मग नव्या मॅनेजरबाई आल्या. सगळ्या देशांची माणसं, एकच कुटुंब, असा त्यांचा कार्यक्रम. चहाच्या खोलीत जगाचा नकाशा लागला आणि आम्ही आपापल्या गावावर रंगीत टाचण्या टोचल्या. टाळ्या झाल्या. त्याच आठवड्यात नियम आला, की वॉर्डात, जिन्यात, जेवतानासुद्धा फक्त इथलीच भाषा बोलायची. दुसरी भाषा ऐकली की इतरांना परकं वाटतं. इतरांना म्हणजे कोणाला, हे विचारायची सोय नव्हती.

शेवटच्या खोलीत एक म्हातारी होती. उभा जन्म तिने इथे शिवणकाम केलेलं. आठवण जाता जाता ती इथली भाषाच विसरली आणि उरली फक्त लहानपणची. ती लंबूची भाषा. लंबू भरवताना तिच्याशी काहीबाही बोलायची आणि म्हातारी मुकाट्याने तोंड उघडायची. आम्हा बाकीच्यांना ती चमचा जवळ आणू देत नसे.

कोणीतरी तक्रार केली. बाईंनी लंबूला बोलावलं, तिचं माझं जमतं म्हणून समजावून सांगायला मला बरोबर घेतलं. आवाज अगदी साखरेत घोळलेला. म्हणाल्या, "तुझ्या संस्कृतीचा आम्हाला आदरच आहे, पण नियम सगळ्यांना सारखा." लंबू म्हणाली, "मग भूक लागली का, हे मी त्यांना कोणत्या भाषेत विचारू?" बाईंनी तो उद्धटपणा ठरवला.

लंबूने भरवताना बोलणं काही सोडलं नाही. तिला काढून टाकलं. निरोप घ्यायलाही वर येऊ दिलं नाही. म्हातारीने तोंड मिटलं ते मिटलंच. लंबूचे कानावर पडलेले दोन-चार शब्द मी दार लावून बोलून पाहिले. म्हातारीने मान वळवली, माझ्याकडे बघत राहिली आणि पुन्हा भिंतीकडे वळली. माझे उच्चार चुकत असणार. थोड्याच दिवसांत ती गेली. वयाने गेली, असं सगळे म्हणाले.

पुढे बाईंचा सत्कार झाला, नाना देशांच्या माणसांना इतकं छान सांभाळतात म्हणून. फोटो तेव्हाच कापला गेला. मला कर्मचाऱ्यांची प्रतिनिधी केलं, छातीवर बिल्ला दिला. नवीन मुली आल्या की हसून स्वागत करायचं काम माझं.

छकुले, तू इथे अर्ज केलायस तो माझ्याजवळ राहता येईल म्हणून, हे मला कळतं. मला का नकोय? घरी आल्यावर मी एकटीच आपल्या भाषेत भांड्यांशी बोलते, इतकी तोंडाला तहान लागलीय. पण तू आलीस तरी वॉर्डात मला ताई म्हणून हाक मारता येणार नाही. बुधवारी बाई तुला फोन करतील. मला शेजारी बसवून इथल्या भाषेत बोलायला लावतील. मी म्हणेन, ये, इथे सगळं घरच्यासारखं आहे. हसूनही म्हणेन. त्यातलं काही मनावर घेऊ नकोस. "माझा विचार बदललाय," एवढंच तू बाईंना सांग आणि फोन ठेव. मग त्यांच्यासमोर माझा चेहरा पडेल. तेवढं मात्र खोटं नसेल.

तुझीच,
ताई