आईची चोच

२ डिसेंबर
केंद्रावर आले एकदाची! उतारावर गोल झोपडी, खिडकीला नवीकोरी काच, समोर मोठा पिंजरा. पिंजऱ्यात महिन्याची तीन पिल्लं: जमिनीवर चालणारे काळे धनेश, आमच्या भाषेत इन्त्सिकिझी. घरट्यातलं दुसरं पिल्लू उपासमारीने मरतंच. ते आधीच उचलून आणायचं, वाढवायचं आणि रानात सोडायचं. हा पक्षी दारात आला की घरात मरण येतं म्हणणारी माझी आई काल दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

५ डिसेंबर
कामाची वाटणी ऐकून हसूच आलं. पुमेझा काळ्या कापडाने तोंड झाकते, उजव्या हातात धनेशाच्या डोक्याची बाहुली चढवते आणि पिल्लांना भरवते. ती आई. मी तोंड न झाकता, पेंढा भरलेला मेला धनेश लोंबकळवत पिंजऱ्यापुढून जायचं. मी वैरीण. माणसाच्या चेहऱ्याला भ्यायला शिकली नाहीत तर पिल्लं गावात शिरून जिवाला मुकतील. मुख्य बाई नोझुको म्हणाल्या, "लिन्देल्वाताई, या कामाला तुझं तोंड अगदी फिट्ट आहे गं!" मला पाहून पिल्लं किंचाळली. वाईट वाटलं.

२१ डिसेंबर
पुमेझाचा मुलगा डोंगरातला सुंतेचा विधी उरकून, पुरुष होऊन परतला; त्याच्या जेवणावळीला ती घरी गेली. बाहुली माझ्या हाती आली. सकाळी आई, दुपारी वैरीण. जाताना पुमेझा युक्ती सांगून गेली: पिल्लाने घास नाकारला की उंदराचे डोळे काढून भरवायचे, मऊ असतात. थोरल्याला आज मी तसंच भरवलं. म्हातारे राखणदार ताता म्झ्वाबान्तू मात्र भडकले. "एकाच अंगात आई नि वैरीण कोंडताय होय?" नोझुकोबाई म्हणाल्या, चारच दिवस, ताता.

१४ जानेवारी
पुमेझा आलीच नाही. शहरात नोकरी लागली तिला. आज भरवताना माझं कापड घसरलं. पिल्लांनी माझं तोंड पाहिलं, बाहुली पाहिली, पुन्हा तोंड पाहिलं. किंचाळली नाहीत. नोझुकोबाईंना सांगितलं तर तिघांना जन्मभर पिंजरा. नाही सांगितलं.

९ एप्रिल
सोडले! तिघंही रानात गेले. नोझुकोबाई रडल्या, मीही.

१६ एप्रिल
परत आले. फक्त माझ्या झोपडीशी. खिडकी फोडायला लागले. नोझुकोबाई म्हणाल्या, काचेत स्वतःलाच पाहून भांडतात, चिखल फास. फासला.

१७ एप्रिल
चिखल खरवडून काढलाय. आत बघत उभे असतात.

१९ एप्रिल
ताता म्हणाले, "आईला न्यायला आलेत, पोरी. तू धरून ठेवलीयस ना तिला." बाहुली बाहेर ठेवली. त्यांनी चोचीने उलटून पाहिली. रिकामी. टाकून दिली. मग माझ्या उजव्या हाताकडे बघत बसले. मी रडले. बाहुली आत आणली.

२० एप्रिल, दुपार
रविवार. नोझुकोबाई शहरात, ताता चर्चमध्ये. काच गेली. तिघं आत. माझं कपाळ फुटलंय — बाहुली चढवली तेव्हा थांबले. डाव्या हाताने लिहितेय. हात खाली आला की तोंडावर येतात. एक दारातच उभा —

कोणी ऐकत नाही. ओरडले तर —

हात भरून आलाय. ते तिला भरवतायत. बेडूक. मग सरडा. बाहुली गिळणार कशी — सगळं मांडीवर पडतंय.

घास नाकारला असं वाटतंय त्यांना. थोरला मांडीवर चढला. तिच्याकडे बघतो. माझ्या डोळ्यांकडे बघतो. नाकारला की काय द्यायचं ते मीच त्यांना —