विजयश्रीचं दुपारचं जेवण

भालकी
रविवार, दुपार

प्रिय मंजू,

फोनवर आपण सारखं बोलतो, मग ही आता पत्र कशाला लिहायलीय, असं तुला वाटेल. पण फोनवर तुझ्या आईचं नाव निघालं की तू लगेच "बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलतेस. पत्राचा विषय असा बदलता येत नाही. फार तर तू ते अर्ध्यात घडी घालून ठेवशील, आणि मला ठाऊक आहे, चहा पिताना परत उघडशील. म्हणून लिहायला बसले. आधी इकडची खुशाली. आपल्या अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. तो काळा चष्मा त्यांना इतका आवडलाय, की तो घालूनच ते बसवकल्याणला एका लग्नाला जाऊन आले. गावात तुरी काढायला आल्यात. तू गोळ्या वेळेवर घेतेस ना?

गावातल्या अंगणवाडीचं मी तुला अर्धवटच सांगितलं होतं. जुन्या आया निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी आमच्या गल्लीतल्या चंद्रम्माची नेमणूक झाली. तुला ती आठवत असेल. उंच, मोठ्यानं हसणारी. तिचा नवरा भीमराज हैदराबादला बांधकामावरून पडून गेला, तेव्हापासून एकटीनंच पोरी वाढवल्या तिनं. अंगणवाडीतला स्वयंपाक आयानं करायचा असतो. चंद्रम्मानं पहिल्या दिवशी गॅस पेटवला आणि वरच्या आळीतली पोरं यायची थांबली. कोणी भांडलं नाही, कोणी वाईट शब्द काढला नाही. कोणाच्या पोराला ताप आला, कोणाचं मामाच्या गावाला गेलं. बायकांचंही तेच. गरोदर आणि बाळंतीण बायकांनी दुपारी अंगणवाडीत येऊन जेवायचं, अशी आपल्याकडं सरकारी योजना आहे. भात, सांबार, भाजी, अंडं, दूध. तिथंच बसून जेवायचं, कारण डबा घरी गेला की तो कोणाच्या पोटात जातो, हे आपण सगळ्याच जणी जाणतो. त्या बायकाही दिसेनाशा झाल्या. आमच्या गल्लीतल्या तेवढ्या येत राहिल्या, आणि चंद्रम्मा मात्र रोज सगळ्यांच्या हिशेबानं तांदूळ निवडायची.

माझी संस्था या तालुक्यात गरोदर बायकांच्या आणि पोरांच्या आरोग्याचं काम करते, त्यामुळं हे प्रकरण माझ्याकडं आलं. ग्रामपंचायतीचे जगदेवप्पा मोठ्या शांतपणे तोडगा घेऊन आले. चंद्रम्माची नोकरी जाऊ द्यायची नाही, पगारही पुरा. तिनं झाडलोट करावी, भांडी घासावी, आणि स्वयंपाकाला दुसरी बाई लावावी. "कोनाचं नुसकान हाय सांगा ह्याच्यात?" म्हणाले. आम्हाला कलबुर्गीला शिकताना समेट कसा घडवायचा ते शिकवलं होतं. पण ज्यात एकाच माणसानं खाली मान घालायची, त्याला समेट कसा म्हणायचा, मंजू? मी नाही म्हटलं. चंद्रम्मा तर हसलीच. "भांडे मी घासतेच की अप्पा. पन मी रांधलेले घासते," म्हणाली.

तक्रार केली असती तर कायदा आमच्या बाजूनं होता, आणि मी ती करायला निघालेही होते. चंद्रम्मानंच थांबवलं. "तक्रार करायचा हक माजा हाय नं? मग कवा करायची ते बी मीच सांगते. आदी मला रांधू दे. तू घरोघर फिर." मग मी फिरले. कोणी पाणी दिलं, कोणी दिलं नाही. पोरांचं वजन, बायकांचं रक्त, एवढंच बोलायचं असं ठरवलं होतं. आणि त्यातच तुझ्या माहेरी जायची वेळ आली.

तुझ्या वहिनीला, विजयश्रीला, दिवस गेले होते. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं, ते तुला तेव्हा कळलं होतं. या वेळी भालकीच्या डॉक्टरांनी तुझ्या धनराजदादाला बसवून स्पष्ट सांगितलं होतं, की हिच्या अंगात रक्त फार कमी आहे, हिला नीट खाऊ घाला. पण तुझ्या घरातली जेवणं तुला सांगायला नकोत. आधी गडीमाणसं, मग पोरं, मग सासू, आणि उरलं तर सून. तुझी आई दुष्ट नाही. तिनंही तसंच खाल्लंय, तिला त्यात वावगं दिसतच नव्हतं. मी दारात उभी राहिले आणि विजयश्रीला दुपारी अंगणवाडीत पाठवा म्हटलं. तुझी आई उंबऱ्यापर्यंत आली. मग म्हणाली, "तुमी आमची एक पोरगी न्हेलाव. आता सून बी न्यायलाव व्हय?" आणि दार लावून घेतलं. तुझं आणि माझ्या भावाचं, राजूदादाचं, लग्न झाल्यापासून त्या घरात कोणी तुझं नाव घेत नव्हतं, पण त्या दिवशी मला समजलं, की ते रोज मनातल्या मनात घेतलं जातंय.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी मी अंगणवाडीत पोरांची वजनं करत होते आणि दारात विजयश्री. डोक्यावर पदर, धाप लागलेली. भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "चंद्रम्मा, वाढ." चंद्रम्मानं ताट मांडलं. दोन घास गेले नसतील, तोवर मागून तुझी आई आली. "ऊठ. घरी अन्न न्हाई का?" माझ्या हातातलं पोर रडायला लागलं, अंगणवाडीच्या टीचर उभ्या राहिल्या. विजयश्रीनं हात थांबवला नाही. मान खाली ठेवूनच म्हणाली, "आत्या, मागच्या येळी घरचंच खाल्लं की मी. मला ह्या येळी लेकरू पायजे." आवाज जरासुद्धा चढवला नाही तिनं. मला वाटलं, तुझी आई आता तिचा दंड धरून ओढणार. पण ती उंबऱ्यावरच बसली, आमच्याकडं पाठ करून. सुनेचं जेवण होईपर्यंत बसून राहिली आणि मग तिला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. "वाटंत चक्कर येऊन पडली तर कोन बगनार?" असं तुझी आई टीचरना म्हणाली. पुन्हा उंबरा, पुन्हा पाठ. असं चालू राहिलं. एक दिवस मान न वळवताच म्हणाली, "सांबारात चिंच लई झाली." चंद्रम्मा आतून ओरडली, "मग आत येऊन सांगा की, अक्का! तितं बसून नाकानंच चाखायलाव व्हय?" विजयश्रीला तोंडात घास असताना हसू फुटलं, तिला ठसका लागला, आणि तिला पाणी द्यायच्या निमित्तानं तुझी आई उंबरा ओलांडून आत आली. आली ती सरळ पातेल्याजवळ गेली. चंद्रम्मानं पळीतलं सांबार तिच्या तळहातावर घातलं. तिनं चाखलं. चिंच खरंच जास्त झाली होती, मंजू! मग दोघी गूळ किती घालायचा यावर वाद घालत बसल्या, आणि मी उगीच मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले, कारण मला रडू यायलं होतं.

तुझ्या बाबांची, अंकुशरावांची, सून तिथं जेवते, सासू सांबार चाखते, म्हटल्यावर बाकीच्या बायकांना सबब उरली नाही. एकेक करून पोरं परत आली. सगळी नाही. जगदेवप्पांची नातवंडं अजून येत नाहीत, आणि चंद्रम्मा अधूनमधून मला बजावते, "तक्रार मी इसरले न्हाई हं." बरोबर आहे तिचं. कामाला लागले तेव्हा मला वाटायचं, योजना गावात पोचवली की माझं काम झालं. आता वाटतं, ती ताटापर्यंत पोचली का आणि ताट कोणाच्या हातात पोचलं, हे बघत राहणं हेच ते काम. आणि ते मी करू शकते असंही वाटतं, हे नवीन आहे.

गेल्या आठवड्यात विजयश्रीला मुलगी झाली. दवाखान्यातच, सुखरूप. चांगली गुटगुटीत आहे, नाक तुमच्या घराण्याचं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी आणि तुझी आई शेजारी बसलो होतो. तिनं समोर बघत विचारलं, "मंजूला कितवा हाय?" तुला दिवस गेल्याचं विजयश्रीनं सांगितलं असणार, मी नाही. मी म्हटलं, सातवा. तिनं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "तितं दुपारी कोन वाढतंय तिला?" पुण्यात तुम्ही दोघं डबा घेऊन कामाला जाता, हे मी सांगितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. "पयलं बाळंतपन मायच्या घरी असतंय. पोरीच्या बापाला मी बगते. फोनवर मला बोलायला यायचं न्हाई. तू पत्र लिही."

म्हणून हे पत्र. तुझ्या बाबांनी अजून हो म्हटलेलं नाही, ते मी लपवत नाही. नाहीही म्हटलेलं नाही, नुसते उठून शेतावर गेले. ये असा आग्रहही मी करणार नाही, तुला काय काय सोसावं लागलं ते मी पाहिलंय. फक्त तिचा निरोप जसाच्या तसा देते. म्हणाली, "आनि जावयानं सोडायला यायचं म्हन. येशीवर उतरवून परत जायचं न्हाई. घरी जेवून जायचं." जावई हा शब्द राजूदादासाठी तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मी उठायला लागले तर हात धरून परत बसवलं आणि हळूच विचारलं, "पुन्यात ऱ्हाऊन ज्वारीची भाकर खायची सवय गेली का तेची?" मला काय माहीत, मंजू. तूच येऊन सांग तिला.

तुझीच,
प्रेरणा